न सुरू होणाऱ्या मोटारीचे निदानपंचक

मोटार सुरू न होणे ही घटना वरकरणी यंत्रशास्त्राच्या कक्षेत येत असली, तरी महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळांवर ती ज्या रीतीने घडते आणि ज्या रीतीने हाताळली जाते ती पाहता, तिचा विचार समाजशास्त्राच्या अंगानेही करणे भाग पडते. मोटार बंद पडणे आणि मोटार सुरू न होणे यांत अभ्यासकाने प्रथमच भेद केला पाहिजे. बंद पडलेली मोटार रस्त्यावर असते, तिच्याभोवती परके लोक असतात, ते हॉर्न वाजवतात आणि निघून जातात. सुरू न होणारी मोटार घरच्या अंगणात असते, तिच्याभोवती ओळखीचे लोक असतात, आणि ते निघून जात नाहीत.

मोटार नेमकी ऐनवेळी दगा देते, त्यातही लग्नाला निघताना हमखास देते, ही समजूत सर्वदूर रूढ असून तिच्या पुष्ट्यर्थ प्रत्येक कुटुंबाकडे किमान एक लग्न आणि एक चुकलेली रेल्वे असते. वस्तुस्थिती निराळी आहे. मोटार सुरू होत नाही हे कळण्यासाठी ती सुरू करून पाहावी लागते, आणि ज्या घरातील माणसे एरवी दुचाकीवर किंवा रिक्षाने हिंडतात, त्या घरात ती लग्नकार्याखेरीज सुरू करून पाहिलीच जात नाही. उभ्या मोटारीतही घड्याळ चालू असते, चोरीचा अलार्म जागा असतो, रिमोटचा संदेश टिपणारा भाग कान टवकारून बसलेला असतो, आणि या साऱ्यांना मिळून ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकी अवघे तीन भाग, इतकाच प्रवाह लागतो असे धरले, तरी महिन्याभरात जवळजवळ २२ अँपिअर-तास वीज खर्ची पडते. लहान मोटारीच्या बॅटरीची एकूण क्षमता ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते, हे लक्षात घेतल्यास बॅटरीने लग्नाच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, कोणाला न सांगता मान टाकलेली असते, हे स्पष्ट होईल. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या मोटारींनी हा सिद्धान्त घाऊक प्रमाणावर सिद्ध केला. फरक इतकाच, की त्या वेळी कोणालाच लग्नाला जायचे नव्हते.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत, त्यांना मिळून निदानपंचक म्हणतात आणि माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथाचा आरंभही त्यांच्याच विवेचनाने होतो. निदान म्हणजे रोगाचे मूळ कारण, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधी लागणारी चाहूल, रूप म्हणजे प्रकट लक्षण, उपशय म्हणजे एखादा उपाय करून पाहावा आणि उतार पडला तर त्यावरून रोग ओळखावा ही पद्धत, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोगापर्यंतचा क्रम. माधवकराने मोटार पाहिली नव्हती हे उघड आहे, परंतु त्याची ही चौकट न सुरू होणाऱ्या मोटारीला इतकी चपखल बसते, की गृहसंस्थेतील मंडळी नेमकी कोठे चुकतात ते तिच्यामुळे लगेच दिसून येते. ती पहिल्या तीन साधनांकडे ढुंकूनही न पाहता थेट उपशयाला हात घालतात.

पूर्वरूपाची उपेक्षा तर रोगाइतकीच जुनी आहे. डिसेंबरातल्या सकाळी सेल्फ (इंजिनाला पहिले फेरे देणाऱ्या स्टार्टर मोटरला महाराष्ट्रातील यच्चयावत गॅरेजांत ‘सेल्फ’ म्हणतात) कण्हत कण्हत फिरू लागतो, उभ्या गाडीचे हेडलाइट पिवळट दिसतात आणि ॲक्सिलरेटर दाबला की उजळतात, विजेवर वर चढणारी काच मध्येच थांबून विचार करते. मालक या चिन्हांना रोग न मानता स्वभाव मानतो. ‘सकाळी जरा आळस करते, पण एकदा सुरू झाली की मग बघायला नको,’ असे तो पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, आणि साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकणाऱ्या बॅटरीने सहाव्या वर्षात पदार्पण केले, तर त्याचे श्रेय आपल्या गाडी जपून वापरण्याला देतो.

रूपाकडे वळण्यापूर्वी एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की पेट्रोलचे इंजिन आपणहून सुरू होऊ शकत नाही. हवा आत ओढणे, ती इंधनासह दाबणे, योग्य क्षणी ठिणगी पाडणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे ही कामे ते फिरत असेल तरच करू शकते, म्हणजे फिरण्यासाठी त्याला आधी फिरावे लागते. त्यामुळे पहिले चार फेरे दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागतात. अँबॅसडरच्या जमान्यात डिकीत एक वाकडे लोखंडी हँडल असे, ते पुढून घालून फिरवावयाचे आणि फिरवताना अंगठा चार बोटांच्या समोर न ठेवता त्यांच्याच बाजूला ठेवावयाचा, असा दंडक होता, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याची भीती असे. या कसरतीतून मानवजातीची सुटका चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने केली. त्याचा विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींना बसवला गेला. केटरिंगने त्यापूर्वी ओहायो राज्यातील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत नोकरी केली होती आणि दुकानातील गल्ल्याचे यंत्र चालवणारी, थोडाच वेळ पण पूर्ण जोर लावणारी छोटी विद्युतमोटर तेथे बनवली होती; तोच विचार त्याने पुढे मोटारीला लावला. स्टार्टर आणि गल्ला यांचा हा ऋणानुबंध शतकानंतरही गॅरेजांनी निष्ठेने जपला आहे.

आता रूप. न सुरू होणाऱ्या मोटारीचे प्रमुख लक्षण म्हणजे तिचा आवाज, आणि जो कान देऊन ऐकेल त्याला बॉनेट न उघडताच अर्धे निदान साधते. चावी फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ अशी घाईची टकटक ऐकू आली, तर बॅटरी उतरली आहे असे बहुधा निश्चित समजावे. सेल्फच्या अंगावर सोलेनॉइड नावाचा एक विद्युतचुंबकी खटका असतो, तो जाड वायरींतील वीज सेल्फला जोडून देतो. बॅटरी अशक्त असली की खटका लागताच सेल्फ मोठा प्रवाह ओढतो, व्होल्टेज कोसळते, खटका सुटतो, सुटताच व्होल्टेज सावरते, खटका पुन्हा लागतो, आणि हा प्रकार बॅटरीत धुगधुगी असेपर्यंत चालू राहतो. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन पुढे सामसूम झाली, तर मात्र संशयाची सुई सेल्फकडे वळते, कारण आतील कार्बन ब्रश झिजून अडकले असण्याची शक्यता असते. अशा सेल्फला पान्याने हलका ठोका दिला की ब्रश जागेवर येऊन गाडी सुरू होते, हे खरे असले तरी या यशामुळे ठोका देणाऱ्याच्या मनात एकूणच ठोकण्याविषयी जी श्रद्धा उत्पन्न होते, ती पुढे घरातील मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सर्वांना भोवते. ‘घुर्र… घुर्र… घु…’ हा तिसरा आवाज अर्धपोटी बॅटरीचा. चौथ्या प्रकारात सेल्फ दणक्यात फिरतो पण इंजिन पकडत नाही, म्हणजे बॅटरी निर्दोष असून गुन्हेगार इंधनाच्या किंवा ठिणगीच्या घराण्यातला आहे. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, मोकळा, उत्साहाने फिरला, तर टायमिंग बेल्ट तुटला असावा, म्हणजे इंजिनाच्या झडपा आणि दट्टे यांचा ताळमेळ राखणारा पट्टा गेला असावा; हा आवाज ऐकायला सर्वांत आनंदी आणि निस्तरायला सर्वांत महाग असतो.

काहीच आवाज आला नाही तर हेडलाइट लावून पाहावेत. दिवे लागलेच नाहीत तर वीज बॅटरीतून बाहेरच पडत नाही. दिवे लागले आणि चावी फिरवताच मलूल होऊन विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. दिवे ढिम्म न हलता तसेच प्रखर राहिले, तर सेल्फपर्यंत आज्ञाच पोचत नाही. एवढी परीक्षा चालकाला जागेवरून न उठता करता येते. याहून काटेकोर माहिती हवी असेल तर काही शे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर बॅटरीला लावावा: पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी असते, आणि सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर तिच्याकडून फारशी आशा ठेवू नये. हे उपकरण गृहसंस्थांमध्ये अप्रिय आहे, याचे कारण ते एका आकड्यात चर्चा संपवते.

चर्चेचा प्रारंभ बॉनेट उघडण्यापासून होतो. बॉनेट उघडणे हे निदान नसून निदान चालू असल्याची जाहीर घोषणा आहे, आणि ती ऐकून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या गॅलऱ्यांतून माणसे खाली येतात. पूर्वीच्या फियाटमध्ये, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, बॉनेटखाली डिस्ट्रिब्युटर, कॉइल, कार्बोरेटर आणि प्लगच्या वायरी अशी ओळखीची मंडळी नांदत असल्यामुळे पाहणाऱ्याला निदान बोट दाखवायला काहीतरी मिळत असे. आजच्या मोटारीत सर्वांवर एक काळे प्लॅस्टिकचे झाकण असते, त्यामुळे बॉनेट उघडणाऱ्याला कंपनीचे नाव तेवढे वाचता येते. तरीही जमलेले सर्वजण काही काळ त्या झाकणाकडे गंभीरपणे पाहतात, आणि मग त्यांतील ज्येष्ठ गृहस्थ ‘वायर तर कुठं सुटलेली दिसत नाहीये’ असे म्हणतात, जे सत्य असते.

यानंतर मते मांडली जातात, आणि येथे एक नियम अपवादाविना आढळतो: प्रत्येक तज्ज्ञ समोरच्या मोटारीचे नव्हे, तर स्वतःच्या मागील बिलाचे निदान सांगत असतो. ज्याने गेल्या वर्षी इंधनपंप बदलला त्याच्या मते पंप गेला. ज्याच्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक, बिघडला होता त्याच्या मते ‘आजकाल सगळं ईसीएमच असतं’. आणि आयुष्यभर सरकारी जीपमधून हिंडलेल्या निवृत्त अधिकाऱ्याच्या मते ‘एअर घेतली असणार’, वस्तुतः डिझेलच्या नळीत हवा अडकण्याचा हा विकार असून समोरची गाडी पेट्रोलची असते. ज्याने एकदा पंधरा हजार रुपये घालवले आहेत, त्याला तीनशे रुपयांचे निदान पटत नाही, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. बॅटरीचे नाव काढणारा एखादा बारावीतला मुलगा घोळक्यात असतो. त्याला कोणी उत्तर देत नाही.

खरा अनर्थ पुढे होतो. प्रत्येक मताची परीक्षा एकाच रीतीने घेतली जाते: ‘काका, एकदा परत मारा बरं सेल्फ.’ काका चावी फिरवतात, सर्वजण माना तिरक्या करून ऐकतात, आणि ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ असे किमान तिघे एकाच आवाजाच्या आधारे परस्परविरोधी म्हणतात. लहान मोटारीचा सेल्फदेखील फिरताना १०० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो, त्यामुळे सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये त्याला थंड होऊ द्यावे, असा संकेत आहे. गृहसंस्थेत हा विसावा केवळ मतभेद तीव्र झाले तरच मिळतो. परिणामी जी मोटार सकाळी आठ वाजता पेट्रोल न पोचल्यामुळे सुरू होत नव्हती, ती साडेआठ वाजता पेट्रोल पोचले असते तरी सुरू झाली नसती, कारण तोवर बॅटरीचा निकाल लागलेला असतो. निदानकर्त्यांनी रोगात स्वतःची भर घातलेली असते, मूळ लक्षण नव्या लक्षणाखाली गाडले जाते, आणि ‘टकटकटकटक’ ऐकू येताच बारावीतल्या मुलाखेरीज सर्वजण एकमुखाने म्हणतात की बॅटरीच होती.

मग उपशय. यातील पहिला प्रयोग जंपर केबलचा, म्हणजे शेजारच्या धडधाकट मोटारीच्या बॅटरीतून वीज उसनी घेण्याचा. शास्त्र असे सांगते, की लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी, आणि तिचे दुसरे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, कारण शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असू शकतो. शास्त्र येथे थांबते आणि भूगोल सुरू होतो. केबल आठ फूट लांब असते; गृहसंस्थेतील मोटारी भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात; आणि जिचे तोंड बाहेर आहे ती गाडी ज्यांची, ते गृहस्थ पार्किंगच्या पट्ट्यावरून गेले दीड वर्ष कोणाशी बोलत नाहीत. अखेर सर्वांत तरुण रहिवाशाची गाडी मागेपुढे करत, दोन कुंड्या सरकवत, वॉचमनच्या ‘येऊ द्या, येऊ द्या, बस!’ या मार्गदर्शनाखाली तिथवर आणली जाते, आणि मग तिचे बॉनेट कसे उघडते हे तिच्या मालकाला ठाऊक नसल्याचे उघडकीस येते.

दुसरा प्रयोग धक्क्याचा. चावी चालू करावी, क्लच दाबून दुसरा गिअर टाकावा, चारपाच जणांनी गाडी ढकलावी आणि वेग येताच क्लच एकदम सोडावा, म्हणजे चाकेच इंजिनाला फिरवतात आणि सेल्फची गरज उरत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला हा उपाय लागू पडत नाही, ही गोष्ट ढकलणाऱ्यांना गेटपर्यंत पोचल्यावर कळते. धक्का मारणाऱ्यांतही जाती आहेत: खरोखर ढकलणारा, हात टेकवून चालणारा, आणि बाजूने चालत ‘क्लच सोडा, क्लच सोडा’ असे ओरडणारा. यांतील तिसऱ्याच्या घामाचे प्रमाण सर्वांत अधिक असते.

इंधनाविषयी थोडक्यात सांगता येईल. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवताच मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुंईं असा आवाज यावा, तो इंधनपंपाचा; तो आला नाही तर फ्यूज, रिले आणि मग पंप या क्रमाने पाहावे. सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक मोटारी सुरू पेट्रोलवर होतात आणि तापल्यावर गॅसकडे वळतात, हे त्यांच्या मालकांना विकत घेताना सांगितलेले असते. परंतु गॅस स्वस्त पडतो या आनंदात ते पेट्रोलच्या टाकीत गेल्या दिवाळीपासून थेंबही घालत नाहीत, आणि गॅसचा काटा भरलेला दाखवत असताना गाडी इंधनाअभावी सुरू होत नाही, हे मानायला शेवटपर्यंत तयार होत नाहीत. टाकीतील पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहूनच थंड राहतो, त्यामुळे या काटकसरीचा हिशेब पुढे पंपाच्या किमतीत पूर्ण होतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन अडत असत आणि इंधनपंपावर ओला फडका टाकून झाडाखाली बसणे हा त्यावरचा मान्य इलाज होता. न काही करता बसून राहण्याला उपचार म्हणणारी यंत्रशास्त्रातील ही बहुधा एकमेव शाखा, आणि ती इंजेक्शनच्या गाड्यांनी बुडवली.

उंदीर हा विषय सविस्तर लिहिण्याजोगा आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की उंदरांना उबदार, कोरडी आणि उंचावरची जागा हवी असते, आणि नुकत्याच बंद केलेल्या मोटारीचे इंजिन या तिन्ही अटी पुरवते. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे त्यांना काहीतरी सतत कुरतडणे भाग असते, आणि वायरीचे आवरण या कामाला सोयीचे पडते. विनायकाच्या वाहनाने माणसाच्या वाहनावर दात धरावा, यात काही तात्त्विक संगती शोधण्याचा मोह टाळलेला बरा. प्रतिबंधक उपायांत तंबाखूच्या पानांची जुडी इंजिनाशेजारी बांधणे आणि डांबराच्या गोळ्या टाकणे हे दोन संप्रदाय प्रमुख असून दोहोंच्या अनुयायांच्या गाड्यांत उंदीर आढळतात. तंबाखूवाल्यांच्या गाडीत वॉचमनही आढळतो.

एक रोग असा आहे की ज्यात मोटार सुरू करण्याचा प्रयत्न हाच अपघात ठरतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि असंख्य मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. तेव्हापासून दर मोठ्या पावसात हाच धडा नव्याने गिरवला जातो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना सेल्फ मारला, तर वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो आणि त्याला पेलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. पाणी ओसरल्यावर चावीला हात न लावता गाडी ओढून नेणे एवढाच योग्य मार्ग असतो, परंतु ‘बघू तरी सुरू होतेय का’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडून निघाले नाही असा पूर अद्याप आलेला नाही. साध्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाची भरपाई बहुधा मिळत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, ही माहिती प्रायः रॉड वाकल्यानंतर वाचली जाते.

नव्या मोटारींनी यात एक निराळाच वर्ग निर्माण केला आहे, तो म्हणजे सर्व काही ठीक असूनही सुरू न होणाऱ्या मोटारींचा. कित्येक गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला आज्ञा देत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर ती मौन पाळते. आणि चावीतील चिप ओळखू आली नाही तर इमोबिलायझर, म्हणजे चोराला रोखणारी यंत्रणा, मालकालाच चोर ठरवते. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीच्या रिमोटमधील नाण्याएवढा सेल संपला, तर अनेक गाड्यांत तो रिमोटच बटणाला टेकवून धरल्यास काम भागते. ही युक्ती गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत छापलेली असते आणि पुस्तिका बंद गाडीच्या आत असते. मोटारीने चालकाला शिस्त लावण्याचा हा हव्यास अमेरिकेने फार पूर्वी भोगला आहे. तेथे १९७४ च्या मॉडेलच्या मोटारी पुढच्या आसनांवरील पट्टे बांधल्याशिवाय सुरूच होत नसत, आणि शेजारच्या सीटवर ठेवलेल्या वाणसामानाच्या पिशवीलाही प्रवासी समजून अडून बसत. लोकक्षोभ इतका झाला, की त्याच वर्षी तेथील काँग्रेसला कायदा करून ही सक्ती उठवावी लागली.

या सर्व विवेचनाच्या अखेरीस मेकॅनिक येतो. तो येतो तेव्हा साधारण साडेदहा झालेले असतात, दोन बॉनेट उघडी असतात आणि तीन सिद्धान्त रणांगणावर असतात. तो बॉनेटखाली पाहत नाही, आधी विचारतो, ‘शेवटची कधी चालू झाली होती, साहेब?’ आणि त्यापाठोपाठ, ‘त्यानंतर गाडीला काय केलं होतं?’ निदानपंचकातील संप्राप्ती ती हीच. उत्तर चाचरत बाहेर पडते: दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, दारे उघडी टाकून दोन तास गाणी लावली, नंतर मुलाने बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा खार चमच्याने खरवडला. मेकॅनिक हाताने टर्मिनल हलवून पाहतो, ते हलते. दहा नंबरचा पाना, थोडे गरम पाणी, पॉलिश पेपरचे दोन हात, आवळलेला एक नट, वरून ग्रीसचे बोट, आणि जंपर लावून पहिल्या सेल्फला गाडी सुरू होते. त्याने सांगितलेले तीनशे रुपये ऐकून घोळक्यातून ‘एवढंच तर होतं’ असा सूर उमटतो, ज्यात ‘मीही केलं असतं’ हे अध्याहृत असते. अडीच तासांत ते कोणी केले नाही, याची नोंद ठेवणारा एकटा बारावीतला मुलगा असतो, आणि त्याला क्लासला उशीर झालेला असतो.

सुरू झालेली मोटार बंद करण्याचे धैर्य मग घरात कोणापाशी उरत नाही. ‘बॅटरी भरायला निदान तासभर फिरवून आणा,’ असे मेकॅनिकने सांगितलेले असल्यामुळे पुण्यातील कुटुंब खडकवासल्याला जाते, तेथे सर्वजण आळीपाळीने खाली उतरून कणीस खातात आणि चालकाला ते खिडकीतून आत पोचते केले जाते. परतल्यावर गाडी कोठे लावावी यावर खल होतो आणि उताराला लावावी, यावर एकमत होते, कारण उतारावरच्या गाडीला धक्का मारायला शेजारी लागत नाहीत. गृहसंस्थेत उतार एकच असतो, तो तळघरात जाणाऱ्या रॅम्पचा. फलकावर ‘रॅम्पवर वाहने उभी करू नयेत, आदेशावरून’ अशी पाटी जुनीच असते, तिच्याखाली कोणीतरी पेनाने ‘सेक्रेटरींची सोडून’ असे लिहिलेले असते, आणि सेक्रेटरींची गाडी तेथे गेल्या पावसाळ्यापासून तोंड चढाकडे करून उभी असते. तिला उताराचा उपयोग काय, हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत रीतसर उपस्थित झाला होता. रिव्हर्स गिअरमध्येही धक्का लागू पडतो, हे सेक्रेटरींनी सभा पाच मिनिटे तहकूब करून, सर्व सभासदांना खाली नेऊन, प्रात्यक्षिकासह दाखवले.